न सरकणारा ठिपका

२ जानेवारी २०२३. दुपारचे दोन वाजायला चार मिनिटं कमी. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला सुट्ट्यांचा हंगाम ऐन भरात होता. तिथल्या सी वर्ल्ड थीम पार्कला लागून ब्रॉडवॉटर नावाचं खाडीसारखं शांत पाणी आहे, आणि त्यावरून पर्यटकांना काही मिनिटांची चक्कर मारून आणणारी हेलिकॉप्टरं दिवसभर चढत-उतरत असतात. त्यातलं एक चक्कर संपवून उतरायला येत होतं, दुसरं नुकतंच हेलिपॅडवरून उठलं होतं. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच जातीची, ईसी १३०. प्रवाशांना चहूकडचं दिसावं म्हणून या हेलिकॉप्टरला भल्यामोठ्या काचा असतात.

जेमतेम १३० फूट उंचीवर दोघं एकमेकांवर आली. चढणाऱ्याची पाती उतरणाऱ्याच्या पुढच्या भागात घुसली. चढणारं हेलिकॉप्टर वाळूच्या पट्ट्यावर कोसळलं आणि त्यातल्या सात जणांपैकी पायलटसह चौघे गेले. दुसऱ्याच्या पायलटने मोडकं यंत्र कसंबसं त्याच पट्ट्यावर टेकवलं. त्यातले सहाही जण वाचले.

हवा स्वच्छ होती, ऊन होतं, काचा होत्या. मग दिसलं कसं नाही?

याचं अर्धं उत्तर दहावीच्या भूमितीत आहे. दोन वाहनं आपापल्या दिशेने, न बदलणाऱ्या वेगाने, एकाच बिंदूकडे निघाली आणि दोघं तिथे एकाच वेळी पोचणार असली, तर ती दोन वाहनं आणि तो बिंदू मिळून होणारा त्रिकोण क्षणाक्षणाला लहान होत जातो, पण त्याचे कोन बदलत नाहीत. समरूप त्रिकोण! याचा अर्थ असा की तुमच्या काचेत ते दुसरं वाहन पहिल्यांदा जिथे दिसलं तिथेच राहतं. डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठं होतं. जे सरकतंय ते तुमच्या पुढून किंवा मागून निघून जाणार. जे सरकत नाही ते तुमच्यावर येतंय. जहाजांवरचे खलाशी हा नियम फार पूर्वीपासून पाळत आले आहेत: समोरच्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल तर टक्कर ठरलेली.

पंचाईत अशी की माणसाच्या डोळ्याची घडण बरोबर याच्या उलट आहे. नजरेच्या कडेला काही हललं की आपण चटकन मान वळवतो. जे हलत नाही ते मेंदू पार्श्वभूमीत टाकून देतो. स्पष्ट, बारीक तपशिलाचं दिसतं ते दृष्टीच्या मधल्या जेमतेम दोन अंशांत. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या रुंदीएवढा तो भाग. बाकी सगळं अंदाजपंचे.

त्यात काचांमधल्या खांबांची भर. गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव असेल. रिकाम्या हायवेवर आडव्या रस्त्याने एक मोटारसायकल येत असते, आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड ती बराच वेळ अख्खी लपलेली राहते. तिची दिशा बदलत नाही म्हणून ती खांबाआडून बाहेरच येत नाही. आली की एकदम बॉनेटसमोर. हेलिकॉप्टरला असे खांब जास्त, शिवाय चढताना आणि उतरताना खालचा-वरचा भाग झाकणारे जमिनीचे आणि छताचे पत्रे आहेतच.

आता थोडं गणित. समजा दोन हेलिकॉप्टरं समोरासमोर येताहेत, प्रत्येकी १०० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटरने. दोघांमधलं अंतर सेकंदाला सुमारे १०३ मीटरने घटतंय. हेलिकॉप्टरचं अंग समोरून अदमासे २ मीटर रुंद धरलं, तर टक्कर १० सेकंदांवर असताना ते चंद्राच्या बिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढं दिसतं. ५ सेकंदांवर निम्म्याहून थोडं कमी. आणि १ सेकंदावर दोन चंद्रांएवढं. पहिली पाच सेकंदं ठिपका ठिपकाच राहतो, शेवटच्या सेकंदात तो अचानक फुलतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शक पत्रिकेत पायलटला लागणाऱ्या वेळेचा हिशेब आहे: दिसणं, ते विमान आहे हे कळणं, ते आपल्यावर येतंय हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि यंत्राने वळणं, सगळं मिळून १२.५ सेकंद. त्यातली पाच सेकंदं एकट्या ‘आपल्यावर येतंय’ हे उमगण्यात जातात. ती पाच का लागतात, हे वरच्या परिच्छेदांत आलंच आहे.

मोठ्या विमानांमध्ये टक्कर टाळायला टीकॅस नावाची यंत्रणा असते; ती ‘वर जा’, ‘खाली जा’ असं बोलून सांगते. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली तिचे हे हुकूम मुद्दाम बंद ठेवलेले असतात, कारण तिथे ‘खाली जा’ म्हणणं म्हणजे विमान जमिनीत घालणं. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान धडकून ६७ जण मेले. तेव्हा विमानातल्या यंत्रणेने सुमारे २० सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढंच सांगितलं आणि पुढे ती गप्प राहिली. नंतर अमेरिकी तपासकर्त्यांनी जुन्या नोंदी उपसल्या. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या एका विमानतळाच्या परिसरात हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान यांच्यात आडवं अंतर १५०० फुटांपेक्षा कमी आणि उभं अंतर २०० फुटांपेक्षा कमी झाल्याचे ८५ प्रसंग सापडले. पंचाऐंशी वेळा थोडक्यात निभावलं होतं.

म्हणजे खालच्या आकाशात डोळे अपुरे आणि यंत्र मुकं. उरतो आवाज. गोल्ड कोस्टचा तो भाग नियंत्रकाच्या ताब्यातला नव्हता. तिथे पायलट ठरलेल्या एका फ्रीक्वेन्सीवर आपण कुठे आहोत, काय करणार आहोत हे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. आपल्या घाटातल्या हॉर्नसारखं. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, पलीकडून उत्तर आलं तर कडेला घ्यायचं.

आणि उत्तर नाही आलं तर? रस्ता मोकळा असं आपण धरतो. मला विचाराल तर अपघाताचं बीज या धरण्यात आहे. उतरणाऱ्या पायलटला पॅडवरचं हेलिकॉप्टर दिसलं होतं, त्यात प्रवासी चढताहेत हेही दिसलं होतं. ते उठलं तरी आपल्या मागून जाईल, असा त्याचा अंदाज होता. निघताना पायलटने ‘टॅक्सीइंग’, म्हणजे ‘निघतोय’, असं रेडिओवर सांगायचं असतं. तसं काही ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष असा, की चढणाऱ्या हेलिकॉप्टरच्या रेडिओच्या अँटेनात दोष होता आणि त्यामुळे तो संदेश बहुधा पोचलाच नाही. बिघडलेला रेडिओ आणि रिकामं आकाश, कानाला दोन्ही सारखेच. बंद पडलेला हॉर्न ‘मी बंद आहे’ असं सांगत नाही.

शेवटच्या क्षणांत उतरणाऱ्या हेलिकॉप्टरमधल्या एका प्रवाशाने पायलटला सावध करायचा प्रयत्न केला, ते आतल्या मोबाइलच्या व्हिडिओत जगाने पाहिलं. त्याला दिसलं कारण तो वेगळ्या काचेतून बघत होता. तपासकर्त्यांनी कॉकपिटचं मोजमाप घेऊन दोन्ही पायलटांच्या डोळ्यांच्या जागेवरून काय दिसू शकत होतं, ते उभं करून पाहिलं. दोघांनाही एकमेकांना हेरण्याची संधी अगदी तुटपुंजी होती.

न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर हा धडा आधीच गिरवून झाला होता. ८ ऑगस्ट २००९ रोजी तिथे एक छोटं विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकून नऊ जण गेले. त्याच वर्षी नियम बदलले. उत्तरेला जाणाऱ्यांनी मॅनहॅटनच्या किनाऱ्याने, दक्षिणेला जाणाऱ्यांनी न्यू जर्सीच्या किनाऱ्याने. वेग जास्तीत जास्त १४० नॉट. नुसतंच आरपार निघून जायचं असलेल्यांनी १००० ते १३०० फुटांच्या थरात, तिथेच घिरट्या घालणाऱ्यांनी त्याच्या खाली. आणि नकाशावर नेमून दिलेल्या प्रत्येक खुणेवर बोललंच पाहिजे: स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आला, मी अमुक रंगाचं हेलिकॉप्टर, इतक्या फुटांवर, उत्तरेला निघालोय. पुढे नांगरलेली युद्धनौका इंट्रेपिड आली, पुन्हा तेच. मग जॉर्ज वॉशिंग्टन पूल, पुन्हा तेच. उत्तर येवो न येवो.