स्तूद्यो आणि इन्वीओ: इटालियन क्रियापदांतला एक ‘इ’, दोन चाली

स्तुद्यारे म्हणजे अभ्यास करणे, इन्व्यारे म्हणजे पाठवणे. मूळ रूपात दोघांच्या शेवटचे स्पेलिंग तंतोतंत सारखे, त्यामुळे दोन्ही एकाच पद्धतीने चालवली जातात आणि वर्तमानकाळातच गाडी अडते.

‘मी अभ्यास करतो’ हे स्तू-द्यो, दोनच अवयव (उच्चाराचे तुकडे). आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्यावर, शेवटचे ‘इ’ आणि ‘ओ’ एका दमात. आपल्या कानात ‘स्टुडिओ’ बसलेला असल्याने आपण त्याचे तीन तुकडे करतो, ते चूक. ‘मी पाठवतो’ मात्र इन्-वी-ओ, तीन अवयव. इथे आघात त्या ‘इ’वरच पडतो, म्हणून तो ‘ओ’मध्ये विरघळत नाही. (‘न्व’ जोडाक्षर लिहायची सवय असली तरी इटालियनमध्ये ‘न’ आधीच्या अवयवात जातो. ‘स्त’ मात्र फुटत नाही.)

घाईत इन्-व्यो म्हणून शेवटी जोर दिलात, तर अर्थ होतो ‘त्याने पाठवले’. त्या भूतकाळी रूपात शेवटच्या ‘ओ’वर आघातचिन्ह लिहावेच लागते, इन्वीओवर एरवी लिहीत नाहीत. म्हणून नुसते वाचून चाल कळत नाही, शब्दकोशात ‘मी’चे रूप पाहावे.

याचा हिशेब स्पेलिंगमध्ये चुकता होतो. ‘तू’च्या रूपात स्तूदीला शेवटी एकच ‘इ’, इन्वीईला दोन. कोंजुन्तीवोमध्ये (इच्छा, शंका अशा अर्थांची क्रियापदाची रूपे) अनेकवचनी ‘ते’चे रूपही तसेच: स्तू-दि-नो, पण इन्-वी-इ-नो. ‘आम्ही’च्या रूपात आघात ‘आ’वर सरकतो आणि फरक मिटतो: स्तुद्यामो, इन्व्यामो, दोन्हींत एकच ‘इ’.

स्तुद्यारेच्या चालीची क्रियापदे पुष्कळ: काम्ब्यारे (बदलणे), कोप्यारे (नक्कल करणे). मांजारे (खाणे) यात तर ‘इ’ फक्त ‘ज’चा उच्चार दाखवायला असतो. इन्व्यारेच्या चालीची मोजकी, ती पाठच करावीत: श्यारे (स्की करणे), स्प्यारे (हेरगिरी करणे), आव्व्यारे (सुरू करणे).

खरा चकवा इनित्स्यारेचा, म्हणजे आरंभ करण्याचा. इ-नी-त्स्यो यात आघात ‘इ’वर आहे खरा, पण तो मधल्या ‘नी’तल्या. शेवटच्या ‘ओ’ला चिकटलेला ‘इ’ आघाताविनाच राहतो. म्हणून ‘तू’च्या रूपात शेवटी एकच ‘इ’.