डोरिफोरस

प्राचीन ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटस याने इ. स. पू. ४४० च्या सुमारास घडवलेला, नग्न भालाधारी तरुणाचा ब्राँझचा पुतळा. मूळ पुतळा आता उपलब्ध नाही. रोमन काळातील संगमरवरी प्रतींवरूनच तो ओळखीचा आहे. त्यांतली सर्वांत पूर्ण प्रत पाँपेई येथील एका आखाड्यात १७९७ मध्ये सापडली. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, पण हा पॉलिक्लिटसचा भालाधारी असल्याची ओळख पटायला १८६३ साल उजाडावे लागले.

पॉलिक्लिटसने शरीराच्या प्रमाणांविषयी ‘कॅनन’ नावाचा ग्रंथही लिहिला होता. तो लुप्त झाला. बोटाचे बोटाशी, बोटांचे तळहाताशी, हाताचे दंडाशी असे अवयवांचे परस्पर प्रमाण म्हणजेच सौंदर्य, हा त्याचा गाभा गेलेन या वैद्याच्या लेखनातून कळतो. नेमके आकडे मात्र कुठेच मिळत नाहीत. पुतळ्यांच्या प्रती मोजून ते शोधण्याचे अभ्यासकांचे प्रयत्न एकमेकांशी जुळत नाहीत.

पुतळ्याचा सगळा भार उजव्या पायावर आहे, डावा मागे सैल सोडलेला. भाला पेलणारा डावा हात कोपरात वाकून ताणात, तर उजवा निवांत लोंबता. ताण आणि शैथिल्य असे तिरपे विभागल्यामुळे कंबर एकीकडे व खांदे दुसरीकडे कलतात. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभ्या असलेल्या आधीच्या ‘कूरोस’ (नग्न तरुणांच्या) मूर्तींत हे नव्हते. कमरेवरचा स्नायूंचा वळसा तर प्रत्यक्षात आढळतो त्याहून ठसठशीत आहे. म्हणजे हे कोणा पहिलवानाचे व्यक्तिचित्र नव्हे, हिशेबाने रचलेले शरीर आहे. चेहराही तसाच, भावहीन म्हणावा इतका शांत. जननेंद्रिय लहान दाखवले आहे. ग्रीकांच्या लेखी ती संयमाची खूण होती, मोठे लिंग पुराणकथांतील सॅटिरसारख्या रानटी जीवांच्या वाट्याला येई.

ग्रीक पुरुष व्यायामशाळेत नग्नच सराव करीत, त्यामुळे पुरुषाची नग्नता त्यांना लाजिरवाणी वाटत नसे. स्त्रीमूर्तींना ही मोकळीक फार उशिरा, इ. स. पू. चौथ्या शतकात, शिल्पकार प्रॅक्सिटिलीझने घडवलेल्या ॲफ्रोडाइटी देवीच्या मूर्तीपासून मिळाली.

संगमरवरी प्रतीत पायाशी दिसणारा झाडाचा बुंधा ही नकलाकाराची सोय आहे. ब्राँझला अशा टेकूची गरज नव्हती.

इ. स. पू. चौथ्या शतकातच लिसिपस या शिल्पकाराने डोके लहान आणि अंग सडपातळ करून पॉलिक्लिटसचे प्रमाण बदलले. तरीही रोमन सम्राट ऑगस्टसच्या, रोमजवळ प्राइमा पोर्ता येथे सापडलेल्या पुतळ्याची ठेवण डोरिफोरसवरूनच घेतलेली आहे, अंगावर चिलखत चढवून आणि उजवा हात उंचावून.