पेव आणि रांग (संगणकशास्त्र)

पेव आणि रांग : संगणकात माहिती तात्पुरती ठेवण्याच्या दोन मूलभूत रचना. त्यांची रूढ नावे स्टॅक आणि क्यू. दोन्हींत घटक एकामागून एक येतात; प्रश्न एवढाच की बाहेर आधी कोण पडणार. पेवात सर्वांत शेवटी आलेला घटक आधी निघतो, रांगेत आधी आलेला आधी निघतो. पहिल्या नियमाला लिफो (लास्ट इन, फर्स्ट आउट), दुसऱ्याला फिफो (फर्स्ट इन, फर्स्ट आउट) म्हणतात. ब्राउझरमधल्या मागे जाण्याच्या बटणापासून हजारो लोकांच्या विनंत्या झेलणाऱ्या सर्व्हरपर्यंत वेब तंत्रज्ञानात जिथे तिथे या दोन रचना भेटतात.

स्टॅक समजावताना ताटांच्या चवडीचे उदाहरण सर्रास दिले जाते. सांगलीच्या वाचकाजवळ त्याहून नेमके उदाहरण आहे. शहराला लागून, कृष्णा-वारणा संगमावर वसलेल्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत. तोंड अरुंद, आत माणूस उतरून काम करील एवढी जागा. तिथल्या मातीत पाणी झिरपत नसे, म्हणून हळद दीर्घकाळ टिके. तोंड लिंपून बंद केले की आतले काही दिसत नसे, आणि उघडल्यावरही वरची हळद काढल्याशिवाय तळाची हाती लागत नसे. चवडीतले मधले ताट ओढून काढता येते, पेवातली मधली हळद काढता येत नाही. संगणकातला स्टॅकही असाच आहे : हात फक्त वरच्या घटकापर्यंत पोहोचतो. घटक आत टाकण्याला पुश आणि वरचा काढण्याला पॉप म्हणतात. पेवात दहा घटक असोत की दहा लाख, या दोन्ही क्रियांना लागणारा वेळ तेवढाच राहतो. म्हणून या नोंदीत स्टॅकसाठी पेव हाच शब्द वापरला आहे.

इतिहासही या शब्दाच्या बाजूने आहे. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९४६ मध्ये, एक काम अर्धवट थांबवून उपकाम करायचे आणि परत मूळ जागी यायचे यासाठी जी क्रियापदे वापरली त्यांचा अर्थ ‘पुरणे’ आणि ‘उकरून काढणे’ असा होतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील क्लाउस झामेलझोन आणि फ्रीडरिश बाउअर यांनी १९५५ मध्ये हीच कल्पना मांडली, १९५७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तिला जर्मनमधला तळघराचा शब्द दिला : केलर. ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्बलिन १९५४ मध्ये स्वतंत्रपणे याच विचारापाशी आले होते. ट्युरिंग यांनी पुरले, जर्मनांनी तळघरात ठेवले. दोघांनाही जमिनीखालचीच जागा सुचली.

पेवाचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे चालू प्रोग्रामची आठवण ठेवणे. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्राममधल्या एका ठरावीक कामाच्या तुकड्याने, दुसऱ्याला हाक मारली की ‘मी कुठे थांबलो होतो आणि माझ्या हातात काय होते’ याची चिठ्ठी पेवात जाते. ५ चे क्रमगुणित, म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १, काढायचे आहे असे समजा. ५ ला ४ चे उत्तर हवे, ४ ला ३ चे, ३ ला २ चे, २ ला १ चे. प्रत्येक जण उत्तराची वाट पाहत पेवात बसतो. १ चे उत्तर लगेच मिळते आणि मग वरून एकेक चिठ्ठी निघू लागते : १, २, ६, २४, १२०. सर्वांत आधी सुरू झालेले काम सर्वांत शेवटी पुरे होते. ‘१ आला की थांब’ ही अट लिहायची राहिली तर चिठ्ठ्या पडतच राहतात आणि जागा संपते. ही जागा मर्यादित असते. लिनक्सवर मुख्य प्रोग्रामला सहसा ८ मेगाबाइट मिळतात. ती ओलांडली गेली की प्रोग्राम कोसळतो. या घटनेला स्टॅक ओव्हरफ्लो म्हणतात. मराठीत ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आधीपासून आहेच, तो इथे अक्षरशः लागू पडतो. नवशिक्याला ही चूक दिसली तर त्याने जागा वाढवण्याच्या मागे लागू नये, थांबण्याची अट तपासावी. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

वेब पान वाचतानाही ब्राउझर पेव बाळगतो. वेब पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये खुणा एकमेकींच्या पोटात असतात : विभागात परिच्छेद, परिच्छेदात ठळक शब्द. खूण उघडली की ती पेवात जाते, बंद करणारी खूण आली की वरच्या खुणेशी तिचा मेळ घातला जातो. एचटीएमएलच्या अधिकृत मानकात या यादीचे नावच ‘उघड्या घटकांचा स्टॅक’ असे आहे. लेखकाने ठळक आणि तिरप्या अक्षरांच्या खुणा उलटसुलट बंद केल्या तर पान मोडू नये म्हणून मानकात एक वेगळी रीत दिली आहे. तिचे नाव ॲडॉप्शन एजन्सी, म्हणजे दत्तकविधान करणारी संस्था : चुकीच्या घरात अडकलेल्या घटकांना ती योग्य पालक मिळवून देते. मागे जाण्याचे बटणही पेवासारखेच वागते. शेवटी पाहिलेले पान आधी परत येते. दोन पाने मागे जाऊन नव्या दुव्यावर टिचकी मारली की पुढची पाने नाहीशी होतात, कारण त्यांच्या जागी नवे पान पुश झालेले असते.

रांगेचे उदाहरण शोधायला सांगलीकराला गळीत हंगामात कारखान्याच्या गाडीतळावर जावे लागेल. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक नंबर लावून उभे असतात. आधी आलेल्याचे वजन काट्यावर आधी होते आणि त्याचा ऊस गव्हाणीत आधी पडतो. इथे पेवाचा नियम लावला तर काय होईल? नवी गाडी आली की तिला पुढे घेतले जाईल आणि पहाटे आलेला गाडीवान रात्रीपर्यंत तळावरच बसेल. न्याय हवा तिथे रांग लागते. छपाईयंत्राकडे गेलेली पाने, सर्व्हरकडे आलेल्या विनंत्या, पाठवायचे संदेश हे सारे म्हणून रांगेत ठेवतात.

रांगेचे गणित संगणकाच्या आधीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तर कुणालाही पडताळून पाहता येतो : थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. तासाला २० गाड्या येत असतील आणि प्रत्येक गाडी सरासरी ६ तास थांबत असेल, तर तळावर १२० गाड्यांची जागा लागणार. सर्व्हरचेही हेच. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी १०० विनंत्या आत अडकलेल्या. निकालाच्या दिवशी संकेतस्थळ रुतते ते यामुळेच. येण्याचा वेग उरकण्याच्या वेगापुढे गेला की रांग वाढतच राहते. अशा वेळी शहाणा सर्व्हर रांगेची लांबी ठरवून ठेवतो आणि जास्तीच्या विनंतीला ५०३ या क्रमांकाचे, म्हणजे ‘आत्ता सेवा देता येत नाही’ असे उत्तर देऊन लगेच परत पाठवतो. ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरे.

जावास्क्रिप्टमध्ये पेव आणि रांग शेजारी शेजारी नांदतात. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केलेली ही भाषा पानावरचा आपला कोड एका वेळी एकाच हाताने चालवते. चालू काम पेवात असते. टिचकी, टायमर, सर्व्हरचे उत्तर यांची कामे रांगेत थांबतात. पेव पूर्ण रिकामे झाल्याशिवाय रांगेतला पुढचा आत येत नाही. म्हणून ‘शून्य मिलिसेकंदांनी चालव’ असे सांगितलेला टायमरही खालच्या साध्या ओळी संपल्यावरच चालतो. त्यात प्रॉमिसची, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तरावर अवलंबून असलेल्या कामांची, रांग वेगळी असते आणि टायमरच्या रांगेतला पुढचा घेण्याआधी ती संपूर्ण उपसली जाते. एकाच कोडमध्ये साधी ओळ, प्रॉमिस आणि शून्याचा टायमर असेल तर छापून येण्याचा क्रमही हाच. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. पाठांतराने तो सुटत नाही. कागदावर एक पेव आणि दोन रांगा काढल्या की मिनिटात सुटतो.

रांगेचे दोन प्रकार व्यवहारात नेहमी भेटतात. उसाची तोडणी लागणीच्या तारखेनुसार ठरलेली असली तरी एखाद्या फडाला आग लागली तर तो जळीत ऊस आधी तोडून न्यावा लागतो, कारण उशीर झाला की त्यातली साखर घटते. आगमनापेक्षा निकड पाहणाऱ्या अशा रांगेला प्रायॉरिटी क्यू म्हणतात. दुसरा प्रकार वर्तुळाकार रांगेचा, रहाटगाडग्यासारखा : ठरावीक पोहरे, एका बाजूला भरायचे, दुसऱ्या बाजूला रिकामे करायचे, आणि तेच पोहरे पुन्हा फिरून येतात. व्हिडिओ पाहताना पुढचा भाग साठवायला ही रचना उपयोगी पडते. हिच्यात एक खोच आहे. भरण्याची जागा आणि उपसण्याची जागा एकाच पोहऱ्यावर आली, तर माळ पूर्ण भरलेली आहे की पूर्ण रिकामी, हे कळत नाही. म्हणून एक पोहरा मुद्दाम रिकामा सोडतात किंवा मोजणी वेगळी ठेवतात.

नकाशात वाट शोधताना दोन्हींचा स्वभाव उघड होतो. सांगलीहून निघून कराड गाठायचे आहे. गावे पेवात ठेवली तर शोध तासगावची वाट धरून विटा, आणि तिथूनही पुढे, एकाच दिशेने टोकापर्यंत जातो. वाट खुंटली तरच मागे फिरतो. गावे रांगेत ठेवली तर शोध आधी मिरज, आष्टा, तासगाव ही सगळी शेजारची गावे पाहतो, मग त्यांच्या शेजारची. रांगेने सापडलेली वाट कमीत कमी टप्प्यांची असते. ती कमीत कमी किलोमीटरची असेलच असे नाही. बाकी कृती तीच, फक्त साठवण बदलली.

पेवापासून रांगही करता येते. त्यासाठी दोन पेवे लागतात. येणारे सगळे पहिल्यात टाकायचे. काढायची वेळ आली आणि दुसरे रिकामे असले की पहिल्यातले एकेक उपसून दुसऱ्यात ओतायचे. ओतताना क्रम उलटा होतो, तळाचे वर येते, आणि दुसऱ्या पेवातून सर्वांत जुना घटक आधी निघतो. एखाद्या वेळी मोठा उपसा करावा लागला तरी प्रत्येक घटक दोनदाच आत जातो आणि दोनदाच बाहेर येतो, त्यामुळे सरासरी खर्च वाढत नाही.