कार्डाची मेमरी वेगळी, कार्डाची ताकद वेगळी

लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत, ‘जुन्या पीसीवर गेम खेळायचेत, ग्राफिक्स कार्ड दाखवा’ म्हटलं की समोरून विचारतात, ‘दोन जीबी की चार जीबी?’ गिऱ्हाइकालाही तीच भाषा सवयीची. मग ऑफिसातून निघालेल्या डेस्कटॉपमध्ये एनव्हिडियाचं चार जीबीचं जीटी ७३० हे कार्ड बसतं आणि नवा गेम अडखळत चालतो. ‘अहो, चार जीबीचं घेतलं होतं की!’

चार जीबीचंच असतं ते, फसवणूक काही नसते. पण तो आकडा कार्डावर किती माल मावतो एवढंच सांगतो. चित्र किती झपाट्याने तयार होणार, हे कार्डावरची चित्र काढणारी चिप, म्हणजे जीपीयू, आणि बँडविड्थ मिळून ठरवतात. बँडविड्थ म्हणजे मेमरीतून चिपकडे दर सेकंदाला जाणारा डेटा. ओटा दहा फुटी, पण स्वयंपाकाला माणूस एकच आणि नळाला करंगळीएवढी धार, तशी जीटी ७३०ची गत.

आकडेच बघू. २०१४ साली आलेल्या जीटी ७३०च्या डीडीआर३ या संथ मेमरीच्या प्रकारात ३८४ कोअर (चिपमधले हिशेब करणारे भाग), मेमरी ते चिप ६४ बिटची वाट (बस विड्थ) आणि बँडविड्थ सेकंदाला १४ जीबीच्या आसपास. त्याच नावाने ९६ कोअरचा आणखी जुना प्रकारही विकला गेला, हा घोळ वेगळाच. २०१९चं जीटीएक्स १६५० घ्या. मेमरी तीच, चार जीबी. पण कोअर ८९६ आणि बँडविड्थ १२८ जीबी, म्हणजे जवळपास नऊपट. खोक्यावरचा जीबीचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच.

याहून वाईट प्रकार जीटी १०३०चा. २०१७ साली ते जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी घेऊन आलं, बँडविड्थ ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने, तेवढ्याच दोन जीबीत, डीडीआर४ या संथ मेमरीवालं बाजारात आलं. त्याची बँडविड्थ १६.८ जीबी. खोक्यावरची बारीक अक्षरं न वाचणाऱ्याला हा फरक कळायचा कसा? माझ्या मते हे नाव वेगळंच ठेवायला हवं होतं.

मग मेमरीला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती कमी पडेल तेव्हाच कळते. गेमची टेक्स्चर, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं, कार्डात मावली नाहीत की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ये-जा करतो. ती वाट कार्डावरच्या मेमरीच्या मानाने फारच अरुंद. दर सेकंदाच्या सरासरी फ्रेम (चित्रं) बऱ्या दिसतात, पण वळण घेतलं की गेम झटका खातो. जुन्या मशिनला हे जास्त भोवतं. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे चार जीबीचं कार्ड स्लॉटच्या १६पैकी चारच लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं. या स्लॉटला पीसीआयई म्हणतात. पीसीआयई ३.० बोर्डावर ती वाट सेकंदाला चार जीबीपर्यंत येते, २.०वर त्याच्याही निम्मी. अशा बोर्डावर हे कार्ड मी तरी सुचवणार नाही.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड’ म्हणून दिसणारी जीपीयू मेमरी हिशेबात धरू नका. ती पीसीचीच रॅम असते.

जीटी ७३० न घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. एनव्हिडियाने केपलर या जुन्या चिप-पिढीच्या डेस्कटॉप कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर २०२१च्या ऑक्टोबरपासून थांबवले, आणि हे कार्ड त्या पिढीचं किंवा त्याहून जुनं. १६५०चं बरं म्हणजे त्याची बरीच मॉडेलं स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालतात, पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही. काही मॉडेलांना मात्र सहा पिनची वायर लागते, तेव्हा आधी बघून घ्या. कॅबिनेट स्लिम असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच मागा, नाहीतर झाकण लागणार नाही.

सेकंडहँड घेताना दुकानातच कार्ड लावून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. मेमरी टाइप, बस विड्थ, बँडविड्थ हे तिन्ही एकाच खिडकीत दिसतं. जुन्या एनव्हिडिया चिपवर बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावाने खपवलेलं कार्ड असेल, तर बहुतेक वेळा नावाआधी ‘फेक’ असंही लिहून येतं. अशा कार्डावर घासाघीस करत बसू नका, पुढचं दुकान गाठा.