रस्त्याला वापसा आलाय का?

मंगळवेढ्याकडे मामाचं रान आहे. डांबरी सोडली की पुढे अडीच किलोमीटर पाणंद. दोन वर्षांपूर्वी हस्ताचा पाऊस उघडल्यावर मी सोलापुरातून फोन लावला, "मामा, रस्ता चालू आहे का?"

"चालू हाय की. ये बिनघोर. मी आत्ताच त्याच वाटेनं आलोय."

पाऊस थांबून चार दिवस झाले होते, ऊन लख्ख होतं आणि वाट वरून राखेसारखी कोरडी दिसत होती. अर्धा किलोमीटर आत गेलो आणि गाडी पोटावर बसली. ट्रॅक्टर येईपर्यंत अडीच तास बांधावर बसून काढले. मामा खोटं बोलला नव्हता. तो चालत आला होता.

फरक दाबाचा. साठ किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला की तळव्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.2 किलो भार येतो. चालताना एका पायावर आला तरी 0.4. कारच्या टायरखालचा दाब मात्र साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो, म्हणजे 2 किलोच्या वर. जी भुई मामाला पाचपट सोसते, ती कारला नाकारते. म्हणून 'रस्ता चालू आहे का' हा प्रश्नच अर्धा आहे. 'कशाला चालू आहे' हे विचारायचं राहून जातं.

आता मातीकडे वळू, कारण खरी गोम तिच्यात आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली. तिच्यातलं मुख्य चिकण खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. याचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे, वहीच्या पानांसारखे एकावर एक. पाणी मिळालं की ते दोन पानांच्या मधे शिरतं आणि वही फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की वही मिटते आणि रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. सोलापुरात वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. एवढ्यावर मालदांडी ज्वारी पिकते ती या धरून ठेवलेल्या ओलीवरच. जी ओल ताटात भाकरी देते, तीच पाणंदीत गाडी गिळते.

शेतकऱ्याकडे या सगळ्याला एक शब्द आहे: वापसा. माती ना चिखल ना ढेकूळ, औत घालण्याजोगी झाली की वापसा आला. स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट अॅटरबर्ग यांनी 1911 च्या सुमारास हीच गोष्ट आकड्यात बांधली. माती किती ओलीला घट्ट राहते, किती ओलीला लोण्यासारखी वळते आणि किती ओलीला वाहू लागते, अशा सीमा त्यांनी ठरवल्या. त्यांतल्या एका सीमेची चाचणी आजही प्रयोगशाळेत हातानेच होते. मातीचा गोळा काचेवर वळत न्यायचा. 3 मिलिमीटर जाडीची वात होताना ती तुटू लागली, तर माती त्या सीमेवर आहे. वात न तुटता आणखी बारीक होत गेली, तर ओल जास्त.

हे पाणंदीवरही करता येतं. पण माती वरची नाही, वीतभर खालची घ्यायची. आमच्या बाबतीत चूक नेमकी तिथे झाली. काळ्या मातीची वरची खपली दोन उन्हांत वाळते, आणि एकदा वाळली की झाकणासारखी बसते. खालची ओल मग फार सावकाश उडते. मी आधी उतरून टाचेनं दाबूनही पाहिलं होतं. तसं ते चुकीचं नाही. टाचेचं क्षेत्रफळ साधारण पंचवीस-तीस चौरस सेंटिमीटर, तेव्हा सगळा भार एका टाचेवर टाकला की दाब टायरएवढाच होतो. पण भार जमिनीत किती खोल पोचतो हे रुंदीवर ठरतं, ढोबळमानानं रुंदीच्या दुप्पट. टाचेचा परिणाम दहा-बारा सेंटिमीटरवर संपतो, टायरचा फूटभराच्याही खाली जातो. टाचेला खपली लागली, टायरला खालचा रेंदा.

त्यावर उपाय म्हणजे पहार. रस्त्याच्या कामावरचे अभियंते यासाठी एक साधं उपकरण वापरतात. 8 किलोचा हातोडा ठरावीक उंचीवरून, म्हणजे 575 मिलिमीटरवरून, दांड्यावर पडतो आणि खालचं टोकदार शंकू जमिनीत घुसतं. एका घावात किती मिलिमीटर गेलं ते मोजायचं, की प्रत्येक थराची ताकद कळते. मामाची पहार तेच काम अंदाजानं करते: ती खपली फोडून पुढे नुसत्या वजनानं वीतभर सरकली, तर कार परत फिरवावी. माझ्या मते पाणंदीत जाणाऱ्याच्या डिकीत जॅकच्या आधी पहार असावी.

पाऊस किती पडला हे आता घरबसल्या कळतं. महसूल मंडळनिहाय रोजचे आकडे असतात, आणि मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतात. पण नुसत्या आकड्यावरून रस्ता ओळखता येत नाही. जूनमधला 30 मिलिमीटर पाऊस भेगांतून सरळ खाली उतरतो, दुसऱ्या दिवशी धूळ उडते. सप्टेंबरात तोच 30 मिलिमीटर पडतो तेव्हा भेगा मिटलेल्या असतात, फुगलेल्या मातीत पाणी मुरायला जागा नसते, आणि सगळं चाकोरीत साचतं. तेव्हा आज किती पडला यापेक्षा आधीच्या महिनाभरात किती पडला हे पाहणं जास्त उपयोगाचं.

वाळवंटात तर याहून गंमत. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत 20 ऑगस्ट 2023 ला एका दिवसात सुमारे 56 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे एवढ्यानं लोक खूश होतात. तिथे तो जवळपास वर्षाचा पाऊस होता. रस्ते वाहून गेले आणि ते राष्ट्रीय उद्यान 15 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. झाडोरा नाही, जमीन टणक, पाणी मुरत नाही, डोंगरात पडलेलं सगळं एकदम कोरड्या ओढ्यांत उतरतं. जिथे गाडी उभी तिथे ऊन असू शकतं. आपल्याला हे नवीन नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा पाणी वरच्या अहिल्यानगर-धाराशिवकडचं आणि धरणांतून सुटलेलं होतं. पूर पाहायला आपल्या डोक्यावर ढग असावाच लागतो असं नाही.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर हिशेब आर्किमिडीजचा. हजार किलोच्या छोट्या कारचा तळ साधारण साडेसहा चौरस मीटर. पाणी तळाच्या वर पंधरा सेंटिमीटर चढलं की ती जवळजवळ एक घनमीटर, म्हणजे एक टन पाणी बाजूला सारते. तिचं वजन संपलं. तळाखालची सतरा-अठरा सेंटिमीटर धरून सुमारे फूटभर पाणी झालं. आत पाणी शिरायला वेळ लागतो, वाहून जायला लागत नाही.

'उपग्रहावरून बघ की' असं भाचा म्हणतो. बघतो, पण मर्यादा ठाऊक ठेवून. मोबाइलच्या नकाशातलं चित्र कधी-कधी दोन-तीन वर्षांपूर्वीचं असतं, आणि गर्दीची माहिती रस्त्यावरच्या फोनवरून येते. पाणंदीत फोनच नसतात. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं काही दिवसांनी नवी येतात, पण सप्टेंबरात सोलापूरवर ढग, म्हणजे चित्रात नुसता कापूस. ढगाआडून पाहतं ते रडार. कोरड्या मातीपेक्षा ओली माती रडारच्या लहरी जास्त परतवते, म्हणून उजळ दिसते. साचलेलं पाणी मात्र आरशासारखं लहरी पलीकडे फेकतं आणि काळं दिसतं. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो-नासाचा रडार उपग्रह निसार लांब तरंगलहरी वापरतो आणि बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. जमिनीतली ओल मोजणारा नासाचा स्मॅप तर 2015 पासून फिरतोय. त्याच्या नजरेतला एक ठिपका सुमारे 36 किलोमीटरचा, म्हणजे सोलापूर ते मोहोळ एका ठिपक्यात. आणि आमची पाणंद दहा फुटांची. त्यामुळे रस्ता न शोधता मी शेजारची रानं पाहतो. बारा दिवसांपूर्वी काळा असलेला पट्टा आजही काळा असेल, तर त्याच्या कडेच्या वाटेचं काय झालं असेल ते वेगळं बघावं लागत नाही.

आता मी मामाला वेगळं विचारतो: दुधाची गाडी आली का? तो टेम्पो रोज येतो, त्याचं वजन आणि चाकं माझ्या कारशी मिळतीजुळती, आणि रस्ता आजचा. पहारीपेक्षाही ही मोजणी चांगली, कारण ती पूर्ण अडीच किलोमीटरची असते. पहार एकाच जागेचं सांगते. परवा विचारलं तर मामा म्हणाला, "न्हाय बाबा, आज कॅन डोक्यावरनं डांबरीपर्यंत नेला."

मी मोटारसायकलही काढली नाही.