अंतर, दोन शहरांमधील
दोन शहरांमधील अंतर हवाई आणि रस्तामार्गे असे दोन प्रकारे सांगितले जाते. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीपृष्ठावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीचे केंद्र हेच ज्याचे केंद्र अशा वर्तुळाच्या) लहान कंसाची लांबी. रस्त्याचे अंतर म्हणजे वाहनाला प्रत्यक्ष कापाव्या लागणाऱ्या मार्गाची लांबी. शहर हा बिंदू नव्हे, त्यामुळे मोजणी कोठून करावयाची हे आधी ठरवावे लागते. हवाई अंतर बहुधा विमानतळांदरम्यान धरतात. रस्त्यांसाठी काही शहरांत रूढ शून्यस्थान असते, उदा., लंडनमध्ये चेरिंग क्रॉस, पॅरिसमध्ये नोत्रदामसमोरची खूण.

या प्रथेचे मूळ बहुधा रोममध्ये दाखवले जाते. ऑगस्टसने इ. स. पू. २० च्या सुमारास तेथील फोरममध्ये सुवर्णस्तंभ उभारला. इटलीतील सर्व रस्ते या स्तंभापाशी संपतात, असे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क म्हणतो. त्यावरून मैलांची मोजणीही तेथूनच होत असे, असा समज पसरला. मात्र मैलदगडांवरील आकडे जुन्या सर्व्हियन तटाच्या वेशींपासून मोजल्यास जुळतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हवाई अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढतात. त्यासाठी प्रचलित असलेल्या हॅव्हरसाइन सूत्राचे श्रेय अनेकदा जेम्स इनमन यांना दिले जाते. त्यांच्या १८३५ च्या नौकानयनविषयक ग्रंथाने ही संज्ञा रूढ केली, इतकेच खात्रीने म्हणता येते. अर्ध्या कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) वर्गाची, म्हणजे हॅव्हरसाइनचीच, कोष्टके जेम्स अँड्र्यू यांनी १८०५ मध्येच छापली होती. हॅव्हरसाइन ही उत्क्रमज्येची (१ उणे कोटिज्या, म्हणजे कोसाइन) निमपट होय, आणि उत्क्रमज्या सूर्यसिद्धांतात आढळते. तथापि तेवढ्यावरून आजच्या सूत्राची परंपरा थेट तेथवर नेणे धाडसाचे ठरेल. सूत्राचा खरा लाभ जवळच्या ठिकाणांबाबत दिसतो : लहान कोनाची कोटिज्या १ च्या इतकी निकट असते की, कोटिज्येच्या सूत्रात आकडे तोडताना अंतरच हरवते.

हे सूत्र पृथ्वी ६,३७१ किमी. त्रिज्येचा गोल मानते. वास्तविक विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किमी. जास्त आहे, परिणामी उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक संभवते. थॅडियस व्हिन्सेंटी यांची विवृत्ताभ (ध्रुवांशी चपट्या) पृथ्वीसाठीची पद्धत (१९७५) अत्यंत अचूक आहे. पण दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असली, की तिची आवर्तने (पुनःपुन्हा केलेली आकडेमोड) एका उत्तराकडे सरकत नाहीत. चार्ल्स कार्नी यांच्या पद्धतीत (२०१३) ही उणीव नाही.

रस्त्याचे अंतर सूत्राने मिळत नाही. रस्त्यांच्या जाळ्यातील लघुतम मार्ग शोधण्याची एड्सखर डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या मार्गदर्शक प्रणाली तिचीच सुधारित रूपे वापरतात आणि बहुधा अंतराऐवजी वेळ कमी करतात. रस्ता सरळ रेषेच्या किती पट पडेल, हे भूरचनेवर अवलंबून असते. काटकोनी जाळ्यात सर्व दिशांची सरासरी ४/π, म्हणजे सुमारे १.२७ पट येते. ब्वेनोस आइरेस व माँटेव्हिडिओ यांच्यात सरळ अंतर जेमतेम २०० किमी. आहे; परंतु मधल्या ला प्लाता नदीमुखाला वळसा घालणारा रस्ता त्याच्या जवळजवळ तिप्पट होतो.

विमानही बृहद्वृत्त तंतोतंत पाळत नाही. वारा, बंद हवाई क्षेत्रे व नेमून दिलेले मार्ग यांमुळे उड्डाण लांबते. म्हणून यूरोपीय संघाच्या उत्सर्जन-व्यापार नियमांत बृहद्वृत्तीय अंतरात सरसकट ९५ किमी. मिळवण्याची तरतूद करण्यात आली. त्याच संघात विलंबित उड्डाणांची भरपाई ठरवताना मात्र १,५०० व ३,५०० किमी. या मर्यादा नुसत्या बृहद्वृत्तीय अंतरावरच लावल्या जातात.