कुसळ, फूल आणि बुरशी : बुबुळाच्या जखमेवरील संशोधनाची पार्श्वभूमी

दादर ज्वारी, हरभरा, मका. पीक कोणतंही असो, मळणी यंत्र सुरू झालं की खानदेशातल्या शिवारात कुणाच्या तरी डोळ्यात कुसळ नाही तर भुसा जातोच. कपाशीच्या शेतात पऱ्हाट्या उपटताना काडी लागते. बहुतेकांचं दोन दिवसांत निवळतं. काहींचं निवळत नाही. बुबुळ पांढुरकं होतं, आणि मग घरात म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडलं.’ मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव होतात. हे दुखणं त्या गर्दीत मागे पडतं. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागतं, फुलाचं तसं नाही. व्रण, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम, भरला तरी डाग राहतो, आणि तो बुबुळाच्या मध्यावर असेल तर नजर जाते.

वैद्यकाच्या इतिहासात बुरशीच्या व्रणाची पहिली नोंद मळणीचीच आहे. १८७९ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी एका शेतकऱ्याच्या डोळ्याचं वर्णन केलं. मळणी चालू असताना ओट धान्याचं तूस त्याच्या डोळ्यात उडालं होतं आणि व्रणात ॲस्परजिलस ही बुरशी वाढली होती. कारण कळलं, औषधाला मात्र बराच काळ गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं आणि १९७८ साली अमेरिकेत त्याच्या थेंबांना मान्यता मिळाली. लेबर यांच्या नोंदीला तेव्हा ९९ वर्षं झाली होती. शेतमजुराच्या दुखण्याला किती घाई असते, ते यावरून दिसतं.

भारतातलं चित्र स्पष्ट केलं ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने. १९९४च्या पहिल्या तीन महिन्यांत तिथे बुबुळाच्या व्रणाचे ४३४ रुग्ण तपासले गेले. सुमारे ६५ टक्क्यांना आधी डोळ्याला इजा झाली होती. ज्यांच्या नमुन्यात जंतू वाढले त्यांत जिवाणूंचे १४० आणि बुरशीचे १३९, म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे. बुरशींत पहिला क्रमांक फ्युजॅरियमचा. कपाशी आणि हरभऱ्यावरचा मर रोग आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. तो याच गटातल्या बुरशीचा. डोळ्यातल्या जाती बहुतेकदा वेगळ्या असतात, पण माती, पालापाचोळा हेच त्यांचंही घर.

पुढचा प्रश्न औषधाचा. व्होरिकोनॅझोल हे नवं औषध आल्यावर जुनं नॅटामायसिन मागे पडेल असं अनेकांना वाटत होतं. अरविंद आणि कॅलिफोर्नियातील प्रॉक्टर संस्थेने ३२३ रुग्णांवर दोघांची तुलना केली. २०१३ साली निष्कर्ष आले आणि सरस ठरलं ते जुनंच. फ्युजॅरियमच्या रुग्णांत तर नजरेतला फरक डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या सुमारे चार ओळींचा होता. त्याआधी, २०१२ साली, जिवाणूंच्या व्रणात स्टेरॉइडचे, म्हणजे दाह कमी करणारे, थेंब उपयोगी पडतात का, हे ५०० रुग्णांवर पाहिलं गेलं. तीन महिन्यांनंतरच्या नजरेत एकंदरीत फायदा दिसला नाही. तिथे जिवाणू आहेत हे किमान आधी तपासलेलं होतं आणि त्यांचं औषधही चालू होतं. गावाकडे लाल डोळा बघून मेडिकलवाला जी बाटली हातात ठेवतो, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. माझ्या मते खानदेशापुरती या सगळ्यातली सर्वांत कामाची गोष्ट हीच.

इजेनंतर लगेच उपचार केले तर व्रण टळतो का, हे नेपाळमधल्या भक्तपूरला पाहिलं गेलं. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉल या जिवाणूनाशक औषधाचं मलम दिलं. १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. मात्र तिथे तुलनेला मलमाविना गट नव्हता. पुढे नेपाळातच गावांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून मोठी चाचणी झाली, तेव्हा अशी सेवा असलेल्या आणि नसलेल्या गावांत व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मलम पोचवण्याची व्यवस्था आणि मलमाचा गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निदानाची पहिली पायरी मात्र आजही स्वस्तच आहे. व्रणाचा खरवडलेला कण, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर बुरशीचे धागे पुष्कळदा काही मिनिटांत दिसतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा माणूस धुळ्याला पोचेपर्यंत मोलाचा वेळ जातो. ही काचपट्टी तालुक्यालाच बघता आली, तर योग्य थेंब त्याच दिवशी सुरू होऊ शकतात.